पानाची डावी बाजू

दिवाळी अंकात कच्च्या अन्नाचा विषय काढणे म्हणजे लग्नघरी एकादशीचे माहात्म्य सांगत बसणे होय. फराळाच्या ताटात चकली काय, शेव काय, अनारसा काय, ज्याला विस्तव लागलेला नाही असा पदार्थ शोधूनही सापडायचा नाही. तरीसुद्धा हा विषय काढायला हेच दिवस बरे. एरवी पाळ्या सांभाळता सांभाळता ज्या घरातली चार माणसे चार वेळांना जेवतात, ती निदान या दिवसांत एका पंगतीला बसतात. आणि घराने काय खावे हा प्रश्न सगळे घर समोर असतानाच विचारायचा असतो.

पाळ्या म्हटल्या की पिंपरी-चिंचवड आले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि भोसरी, आकुर्डी ही गावे कारखान्याच्या भोंग्यावर उठू-बसू लागली. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. पुढे हा पट्टा थेट चाकणपर्यंत पसरला. खानदेश, मराठवाडा, कोकण, विदर्भ, जिकडून तिकडून माणसे आली ती आपापली चव बरोबर घेऊन. त्या चवीत कच्च्याला मानाचे स्थान होते. सोलापूरकडच्या माणसाला कोवळी मेथी चिरून, तीत मीठ, दाण्याचा कूट आणि तेल घालून केलेला घोळाणा हवा. खानदेशी माणसाला भरताबरोबर कांद्याची पात हवी. चैत्रगौरीला भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून घालायची हे तर घरोघरचे. आणि शेतावरच्या न्याहारीला बुक्कीने फोडलेला कांदा असतोच. तेव्हा कच्चे खाणे ही काही आपल्याकडे आलेली विलायती टूम नव्हे.

ती सवय मोडली कशाने, असे विचाराल तर माझे बोट डब्याकडे जाईल. पहाटे भरलेला डबा दुपारी उघडायचा. भाजी-पोळी तोवर टिकते. कोशिंबीर टिकत नाही. मीठ लागले की काकडीला पाणी सुटते, आणि ते पोळीपर्यंत पोहोचते. त्यामुळे डब्यातून सर्वांत आधी हद्दपार झाली ती कोशिंबीर. जे डब्यात नाही ते हळूहळू ताटातही नाही, असा हा क्रम आहे. मग चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर दिसते, डॉक्टर कच्च्या भाज्या वाढवायला सांगतात, आणि घरी आलेला गृहस्थ जाहीर करतो की, उद्यापासून आपल्याकडे निम्मे जेवण कच्चे!

येथे खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो आहारशास्त्राचा नाही, नीतीचा आहे. स्वतःला पटलेली चांगली गोष्ट घरातल्या इतरांना किती वेगाने लागू करावी? ती चांगली आहे एवढ्याने तसा अधिकार मिळतो काय?

आधी तिचे चांगलेपण मोजून घेऊ. भाजी शिजवली की तिच्यातले क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरून त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. फळे आणि भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम खाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढे आपल्या ताटात क्वचितच असते. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. उसळीवर पिळलेल्या लिंबामुळे त्या उसळीतले लोह अंगी अधिक लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका फोडीचे मोल कळते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. टोमॅटो आणि गाजर यांतली काही द्रव्ये शिजवल्यावरच शरीराला जास्त सोपी जातात. राजमा कच्चा खाल्ला तर विषबाधा होते. चाकणच्या बाजाराकडेच पाहा ना. मोटारींच्या कितीतरी आधीपासून तो कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. शेजारी शेजारी रचलेल्या त्या गोण्यांतला कांदा कच्चा खावा आणि बटाटा शिजवावा, हे कोणा पोराला शिकवावे लागत नाही. कच्चे की शिजवलेले असा पक्ष घेऊन भांडण्यात अर्थ नाही. दोघांचेही स्थान ठरलेले आहे.

असा पक्ष घेऊन पाहिलेला सर्वांत थोर माणूस म्हणजे गांधीजी. १८९३ साली प्रिटोरियात त्यांनी केवळ कच्च्या अन्नावर राहून पाहिले आणि थोड्याच दिवसांत तो प्रयोग सोडला. १९२९ साली साबरमतीला, या वेळी काही सहकाऱ्यांसह, त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. प्रकृतीने साथ दिली नाही, तेव्हा काही महिन्यांत तोही थांबवला. दोन्ही वेळा त्यांनी प्रयोगाची हकीकत छापून प्रसिद्ध केली. ज्यांच्या शब्दावर माणसे तुरुंगात गेली, त्यांना स्वतःच्या आतड्याला मात्र हुकूम सोडता आला नाही! पण त्यांनी निसर्गोपचाराचा नाद सोडला नाही. १९४६ साली आपल्याच जिल्ह्यात, उरुळी कांचनला, त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढवला. या हकिकतीतून मला एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. ज्याने प्रयोग करायचा त्याने तो आधी आपल्या अंगावर करावा, आणि तो फसला तर तेही मोकळेपणाने सांगावे.

गृहस्थाची अडचण अशी की, त्याचा प्रयोग बहुधा दुसऱ्याच्या हातांनी चालतो. कच्चे म्हणजे बिनकष्टाचे, हा एक मोठाच भ्रम आहे. गॅस वाचतो, हात वाचत नाहीत. पालेभाजी चार पाण्यांतून काढायची, गाजर किसायचे, नारळ खवायचा, मटकी भिजवून मोड आणायचे, आणि हे सगळे अगदी आयत्या वेळी, कारण आधी करून ठेवले तर त्यातला राम जातो. सकाळच्या पाळीचा डबा भरण्यासाठी जी बाई चारला उठते, तिने यापुढे साडेतीनला उठावे, असा त्या घोषणेचा सरळ अर्थ होतो. ध्येय पुरुषाचे आणि किसणी बाईची, असा हा व्यवहार आहे. तिलाही सकाळी कामावर जायचे असेल तर तो अधिकच अन्याय्य ठरतो. म्हणून पहिला नियम असा असावा की, ज्याला कच्चे खायची हौस आहे त्याने विळी किंवा सुरी स्वतः हाती घ्यावी. हौस किती खरी आहे ते आठ दिवसांत कळते.

शिवाय घर म्हणजे एक तोंड नव्हे. आजोबांच्या कवळीला गाजराचा तुकडा चावत नाही. त्यांना ते किसूनच द्यावे लागते. नातवाला मुळ्याचा वास सहन होत नाही. सुनेला दिवस गेले असतील तर मोड आलेली कडधान्ये वाफवूनच द्यावीत, हेच शहाणपणाचे. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून एक घातक जंतू पसरला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. मोडाला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते.

आणि येथेच मला या विषयाचे मर्म सापडते. विस्तव म्हणजे माणसाने अनोळखी जगाविरुद्ध उतरवलेला विमा आहे. भाजी कोणी पिकवली, तिला कोणते पाणी दिले, ती कोणत्या हातांनी हाताळली, हे काही ठाऊक नसले तरी चांगली उकळी आणली की बऱ्याचशा जंतूंची भीती जाते. कच्चे खाणाऱ्याजवळ हा विमा नसतो. तो शेतकऱ्यावर, भाजीवाल्यावर, नळाच्या पाण्यावर आणि घरात भाजी धुणाऱ्या हातावर विश्वास टाकून घास घेतो. कच्च्या अन्नाचा खरा मसाला विश्वास हाच आहे.

आता हा विश्वास आपल्या पट्ट्यात किती शिल्लक आहे, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. या शहराला पाणी पाजणारी पवना शहरातून बाहेर पडते ती आपली घाण घेऊन. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला. २०१९ च्या अखेरीस शहरात एक दिवसाआड पाणी येऊ लागले, तेव्हा पालेभाजी चार पाण्यांतून काढा असे सांगणे बादल्या मोजणाऱ्या गृहिणीला चेष्टेसारखे वाटले असेल. कारखान्याच्या मळीतून किंवा मोरीतून वाहून गेलेली विषारी द्रव्ये भाजीत उतरली तर शिजवूनही ती जातीलच असे नाही. तेथे विस्तवाचा विमाही अपुरा पडतो. म्हणजे नदी स्वच्छ राखणे हा काही नुसता तीर्थक्षेत्राचा प्रश्न नाही, तो आपल्या कोशिंबिरीचा प्रश्न आहे. जो कामगार कारखान्यात रसायनांची पिंपे हाताळतो, त्याच्याच घरची काकडी त्या नदीच्या खोऱ्यातून येते.

घरातला काय किंवा गावातला काय, विश्वास हुकमाने वाढत नाही. तो चमच्याचमच्याने वाढतो. आपल्या पूर्वजांना हे कळत होते असे आपले पान पाहून वाटते. पानाची उजवी बाजू भाजी-आमटीची, पोटभरीची. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. तेथे वाढतात ते थोडे, रोज निराळे, आणि नको असेल त्याला कोणी आग्रह करत नाही. कोणालाही न दुखवता नवे काही घरात आणायचे असेल तर ही जागा तयारच आहे. आज लिंबाची फोड, पुढल्या आठवड्यात चार काकड्या, थंडीत गाजर, मग कधीतरी घोळाणा. डबा भरताना काकडी अखखी ठेवावी आणि मिठाची पुडी वेगळी द्यावी, म्हणजे पोळी भिजत नाही. वर्षभरात डावी बाजू सरकत सरकत पानाच्या मध्यापर्यंत आली, तर ती सर्वांच्या संमतीने आलेली असेल. आणि मध्यापर्यंत नाही आली, तरी काही बिघडले नाही. थोडी कोशिंबीर आणि घरात शांतता, हा सौदा वाईट नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुष्कळ घरी कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडतात, आणि काही जण त्याचा रस जिभेला लावतात. इतक्या तळणाच्या सणाची सुरुवात आपण एका कच्च्या आणि कडू फळाने करतो, तीही थेंबभरच. त्या थेंबाइतका बेताचा आरंभ या कामी पुरेसा आहे. तेव्हा वाचकहो, चकली निश्चिंत मनाने खा. फक्त ताटाची डावी बाजू रिकामी ठेवू नका, आणि ती भरण्यासाठी आज विळीवर कोण बसणार, हे आधी ठरवून घ्या.