आपल्याच बोटांनी मोजलेली उंची

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. परवाचा मुलगा एकवीस वर्षांचा. उंची 164 सेंटिमीटर, शिपाई पदाला लागते 165. त्याने पिशवीतून ‘उंची वाढवणाऱ्या’ चूर्णाचा डबा काढून टेबलावर ठेवला. तिसरा डबा, अर्धा संपलेला. “डॉक्टर, अजून किती महिने घ्यायचं?”

लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. उंची वाढते ती तिथे. पिट्युटरीचं वृद्धी-हार्मोन आणि थायरॉईड तिला चालना देतात. वयात येताना वाढलेलं इस्ट्रोजेन, मुलग्यांच्या शरीरातलंसुद्धा, शेवटी तिचं हाड करून टाकतं. 1994 साली अशा एका पुरुषाची नोंद झाली, ज्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. वय 28, उंची 204 सेंटिमीटर आणि पट्ट्या अजून उघड्याच. एरवी पट्टी एकदा मिटली की वृद्धी-हार्मोनचं इंजेक्शनही हाड लांब करू शकत नाही, मग या चूर्णातली अश्वगंधा कुठून करणार?

मी आयुर्वेदाचा माणूस, म्हणून या डब्याचा मला जास्त त्रास होतो. चरकाने आठ निंदित शरीरं सांगितली, त्यांत अतिदीर्घ आणि अतिऱ्हस्व दोन्ही आहेत. पण उपचार विस्ताराने सांगितले ते अतिस्थूल आणि अतिकृश यांचेच. उंचीपाशी तो थांबला. जे हातात नाही त्याचं औषध त्याने सांगितलं नाही. त्याच्याच नावाने आज डबे विकले जातात आणि तेही उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी असताना. पूर्ण शरीराचं माप चरक 84 अंगुळं सांगतो, सुश्रुत 120. दोघांचं जुळत नाही. पण अंगुळं मोजायची ती ज्याची त्याच्या बोटांनी, यावर दोघांचं एकमत आहे. दुसऱ्याच्या बोटाने कुणाला मोजायचं नाही, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

भरतीच्या मैदानावर मात्र मोजपट्टी सगळ्यांना एकच. त्या मुलाला मी खरं ते सांगितलं. वर, उंची कधी मोजलीस, असं विचारलं. “संध्याकाळी, धावून आल्यावर.” दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. उद्या उठल्याउठल्या मोज, म्हटलं.

तो उठला, दारापाशी थबकला. “धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे. दोन वर्षं तीच पँट घालतोय. त्यालाही हेच चूर्ण सुरू केलंय.”

“चूर्ण आजच बंद कर,” मी म्हटलं, “आणि उद्या त्याला घेऊन ये. शाळेतली उंची-वजनाची जुनी नोंद असेल तर तीही आण. आधी त्याचं थायरॉईड तपासू.”