घाटाची पायरी

रामघाटावर स्नानास येणाऱ्याकडून पायरीचे मोल कोणी घेत नाही. २०११ साली केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचे जाळे नेण्याचे ठरविले. पुढे त्याचे नाव ‘भारतनेट’ झाले. खाजगी कंपन्या असता सरकारने हा खर्च का करावा, असा आक्षेप आला. आमच्या मते, जेथे नफा नाही तेथेच शासनाचे कर्तव्य सुरू होते. मात्र सेवेत असताना आम्हीही जोडलेल्या पंचायती मोजल्या. वापरणारी माणसे मोजली नाहीत. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात २००० साली सुरू झालेल्या ‘ज्ञानदूत’च्या केंद्रांवर शेतकरी मंडीचे भाव पाहत, तेथे आधी गरज ओळखली गेली होती. घाट सरकारने अवश्य बांधावा; परंतु क्षिप्रेचे पाणी पायरीला लागले की नाही, हेही त्यानेच पाहावे.