आजचे चिंतन : देव न मानणारा माणूस चांगला असू शकतो का?



आजच्या वाचनात गीतेचा सोळावा अध्याय आला. दैवासुरसंपद्विभागयोग. नाव लांबलचक, पण श्लोक फक्त 24. माणसाजवळ दोन प्रकारची संपत्ती असते, एक दैवी आणि एक आसुरी, आणि दोन्ही कशा ओळखायच्या ते भगवंत इथे अर्जुनाला सांगतात.

हा अध्याय वाचताना माझ्या डोक्यात पुण्याच्या मावसभावाचा प्रश्न घोळत होता. तो आयटीत आहे. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "दादा, माझा रूममेट देव मानत नाही. पण रात्री दोन वाजता कोणाला रक्त लागलं तर पहिला तोच उठतो. आणि आमच्या ऑफिसात एक जण रोज गंध लावून येतो, पण दुसऱ्याच्या कामाचं श्रेय बिनदिक्कत लाटतो. मग चांगलं वागायला देव लागतो कुठे? आणि उद्या मत देताना मी काय बघू, उमेदवाराची भक्ती की त्याचं काम?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रश्न कधी ना कधी पडला असेल. तो झटकून टाकू नका. आज आपण गीता हातात धरूनच त्याच्याकडे बघू.

आधी यादी बघू या. पहिल्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे 26 गुण आहेत. सुरुवात होते अभयापासून. पुढे सत्य, अहिंसा, राग नसणं, दया, चहाडी न करणं, लोभ नसणं, क्षमा, कोणाचा द्रोह न करणं, आणि शेवटी स्वतःला फार मोठं न समजणं. यज्ञ, स्वाध्याय आणि तपही यादीत आहेत. पण बहुतेक गुण रोजच्या वागण्यातले आहेत. ऑफिसात, घरात, लोकलच्या गर्दीत दिसणारे.

मग आसुरी यादी येते. तिची सुरुवात कशापासून व्हावी? दंभापासून. आणि सतराव्या श्लोकात तर भगवंत स्पष्टच सांगतात की आसुरी माणसंसुद्धा यज्ञ करतात, फक्त नावापुरता आणि दिखाव्यासाठी. म्हणजे बघा, यज्ञ दोन्हीकडे आहे! नुसत्या पूजेवरून माणूस कोणत्या बाजूचा ते कळत नाही, हे गीताच सांगते. मावसभावाच्या ऑफिसातला तो गंधवाला याच अध्यायात सापडतो.

आता अवघड भाग. तो टाळला तर चिंतन खरं होणार नाही. याच अध्यायाच्या आठव्या श्लोकात म्हटलंय की आसुरी लोक जगाला सत्याचा आधार नाही, ईश्वर नाही, असं मानतात. मग रूममेट आसुरी झाला का? मला तसं वाटत नाही. तिथे वर्णन आहे ते जगाला कसलाच आधार नाही म्हणून मन मानेल तसं वागणाऱ्यांचं. पुढचेच श्लोक बघा, ते लोक जगाच्या नाशाला कारण होतात असं लिहिलंय. रात्री दोन वाजता रक्त द्यायला धावणारा माणूस सत्याचा आधार तोंडाने नाकारत असेल, पण पायाने तो त्याच आधारावर उभा आहे.

दुसरी अवघड जागा शेवटच्या श्लोकात आहे. काय करावं, काय करू नये, हे ठरवताना शास्त्र प्रमाण मान, असं तिथे सांगितलंय. वाक्य सोपं आहे, पण आपल्या महाराष्ट्रात याच वाक्याच्या आधाराने काय काय झालं ते आठवा.

लांब कशाला, आपल्या रायगड जिल्ह्यातलंच महाड घ्या. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. पण पाण्याला हात लावायची सोय प्रत्यक्षात नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर काय झालं? लोकांना मारहाण झाली, आणि मंत्र म्हणून, शेण-गोमूत्र वापरून तळं 'शुद्ध' केलं गेलं. गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती, त्याने ते बाटत नव्हतं. कोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला 1937 उजाडलं.

शुद्धी करणारे नास्तिक नव्हते. त्यांच्या हातात शास्त्र होतं. मग चुकलं काय? गुणांच्या यादीतली दया आणि अद्रोह त्यांनी शास्त्रातून वगळले, आणि उरलं त्याला शास्त्र म्हटलं.

दुसरं उदाहरण पंढरपूरचं. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. शतकानुशतकं वारकरी त्या समाधीला हात लावून आत जात होते, आणि चोखोबांच्या जातीचे लोक मात्र बाहेरच थांबत होते. साने गुरुजींना हे सहन झालं नाही. त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं, आणि 1 मे 1947 पासून पंढरपुरात उपोषण सुरू केलं. 10 मे ला ते सुटलं आणि मंदिराचा दरवाजा सगळ्यांना उघडायचं ठरलं.

साने गुरुजी कोण? 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठराही अध्यायांवर प्रवचनं दिली. ती लिहून घेणारे हेच साने गुरुजी. आपल्या हातात 'गीता प्रवचने' आहे ते त्यांच्यामुळे. आणि ते विनोबाही आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. म्हणजे ज्याने गीता कानाने ऐकून कागदावर उतरवली, त्याला शास्त्र प्रमाण मानण्याचा अर्थ दार उघडणं असाच लागला.

आता हे दोघं शेजारी ठेवून बघा. बाबासाहेब माणसाच्या हक्काच्या वाटेने गेले. त्याच 1927 च्या डिसेंबरात महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. साने गुरुजी भक्तीच्या वाटेने गेले. एकाने ग्रंथ नाकारला, दुसऱ्याने देवासमोर अन्न सोडलं. पण दोघांना चूक दिसली ती एकच. मग ती चूक ओळखणारी जी काही शक्ती माणसात आहे, ती फक्त भक्ताकडेच असते असं कसं म्हणता येईल?

ग्रीसमध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी प्लेटोने हाच प्रश्न घातला होता. देवाला आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवाला आवडते? मी भक्त म्हणून उत्तर देतो. देव सांगेल ते चांगलं, एवढंच असेल तर 'विठ्ठल दयाळू आहे' या बोलण्याला काही अर्थच उरत नाही. आपण त्याला दयाळू म्हणतो, कारण दया म्हणजे काय ते आपल्याला आतून कळतं. आणि ते कसं कळतं? कालच वाचलेल्या पंधराव्या अध्यायात उत्तर आहे. भगवंत म्हणतात, मी सगळ्यांच्या हृदयात बसलोय. सगळ्यांच्या! फक्त माळकऱ्यांच्या नाही. रूममेटच्या हृदयातही तोच आहे. रूममेटला त्याचं नाव माहीत नाही, एवढंच.

आमच्या कळंबच्या बाजूला आलात तर दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या दिसतील. कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पोरांची शाळा तिथेच सुटते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. देवळात येतात ते कोणाला शोधायला, हात जोडायला नाही. पण भट्टीवर जाऊन पोरांची नावं लिहून आणणं, जातीच्या दाखल्यासाठी कर्जतच्या तहसीलला हेलपाटे घालणं, हे त्यांचं वर्षानुवर्षं चालू आहे. मी त्यांना एकदा विचारलं, "गुरुजी, कशासाठी करता?" ते म्हणाले, "अरे, पोरगं विटा उचलतंय. याला आणखी कारण कशाला पाहिजे?"

मग भक्तीची गरज काय? मित्रांनो, गरज आहे. चांगलं काय ते कळणं वेगळं आणि थकल्यावरही ते करत राहणं वेगळं. मला स्वतःला दया कळते, पण संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये धक्का बसला की ती कुठे जाते देव जाणे! नामस्मरण मला परत जागेवर आणतं. रोज कोणापुढे तरी मान वाकवायची सवय असली की 'मीच बरोबर' हा ताठा थोडा कमी होतो. यादीतला शेवटचा गुण आठवा. भक्ती माझ्यासाठी औषध आहे. शेजारी औषधाशिवाय ठणठणीत असेल, तर मी त्याच्यावर चिडायचं कशाला?

आता राजकारण. आपल्या देशात निवडणुकीचा कायदा आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951. त्याच्या कलम 123(3) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. मुंबईत विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीत असा प्रचार झाला म्हणून निवड रद्द झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ते कायम केलं. 'हिंदुत्व' हा शब्द नुसता उच्चारला म्हणजे धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं होतं, आणि त्यावर आजही वाद होतात. पुढे 2 जानेवारी 2017 ला सात न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. सात जणांत तिघांचं मत वेगळं पडलं, म्हणजे प्रश्न किती अवघड आहे ते बघा. त्या तिघांची काळजी अशी होती की धर्म-जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांना तो प्रचारात मांडता आला पाहिजे.

मग श्रद्धेने सार्वजनिक जीवनात यायचंच नाही का? साने गुरुजी आले होते की! पण त्यांच्या श्रद्धेने किंमत कोणाकडून वसूल केली? स्वतःच्या पोटाकडून. आणि प्रश्न कोणाला विचारला? स्वतःच्याच धर्माच्या लोकांना. मत मागायला वापरलेली श्रद्धा नेमकी उलटी वागते. ती आपल्या लोकांना सांगते की तुम्ही चांगलेच आहात, वाईट आहेत ते पलीकडचे. सोळाव्या अध्यायाच्या भाषेत हा दर्प झाला.

आमच्या सप्ताहात एका निवडणुकीच्या वर्षी एका इच्छुकाने मांडव आणि एका दिवसाचं अन्नदान देऊ केलं. अट एवढीच, की कीर्तनकाराच्या मागे त्याचा बॅनर लागेल आणि त्याला दोन शब्द बोलू द्यायचे. काही तरुण तयार होते, खर्च वाचणार होता. तेव्हा विणेकरी बाबा म्हणाले, "विणा गळ्यात आहे तोवर मी कोणाच्या पार्टीचा नाही. त्यांना म्हणावं, पंगतीत वाढायला या." ते काही आले नाहीत. गावाने वर्गणी काढली. त्या वर्षी काल्याच्या पंगतीला बुंदी नव्हती, पण पिठलं-भाकर सगळ्यांना पुरली, वाडीवरच्या लोकांनाही.

तर मावसभावाला मी एवढंच सांगितलं. उमेदवाराचं गंध बघू नकोस आणि गंध नाही हेही बघू नकोस. यादी बघ. खरं बोलतो का? चहाडी करून एकाला दुसऱ्यावर घालतो का? सत्ता हातात आल्यावर दुबळ्याशी कसा वागतो? आणि हीच यादी आधी स्वतःला लाव.

आजचा संकल्प : 26 गुणांतला एक गुण निवडा. तो आपल्यापेक्षा जास्त असलेली, पण देव न मानणारी एक व्यक्ती आठवा. आज तिला फोन करा आणि धन्यवाद म्हणा. देवाचा विषय काढू नका.

उद्या सतरावा अध्याय, श्रद्धेचे तीन प्रकार.

जय जय राम कृष्ण हरी!