चवीची चर्चा व बंधूचे कल्याण

हुबळी-धारवाडकडे लग्नाचे किंवा नाताळाचे जेवण आटोपले की पुरुषमंडळींच्या गप्पा रंगतात. गोवा येथून दूर नाही. कॅसलरॉकपुढे घाट उतरला की आलेच. मग कोणी काजूच्या फेणीची तारीफ करतो, कोणी माडाची फेणी बरी म्हणतो, तर कोणी व्हिस्कीचे गुण सांगतो. आवडत्या पेयाविषयी असे चार शब्द बोलण्यात ख्रिस्ती मनुष्याचे काय चुकते?

याचे उत्तर घाईने देऊ नये. शास्त्र द्राक्षारसाला मुळातच वाईट म्हणत नाही. काना येथील लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि भोजनकारभाऱ्याने तो चाखून दिलेले मतही योहानाने नोंदले आहे. शब्बाथशाळेत मुलांनी याविषयी विचारले तर ते सरबत होते असे सांगून वेळ मारून नेऊ नये. रस न आंबता टिकवण्याची रीत अमेरिकेतील मेथडिस्ट दंतवैद्य टॉमस वेल्श यांनी प्रभुभोजनासाठी वापरली, ती १८६९ साली. मुलांना खरे सांगावे, व त्याचबरोबर नीतिसूत्रांचा तेविसावा अध्यायही वाचून दाखवावा. पेल्यातील लाल रंग न्याहाळत बसू नये, असा इशारा तेथे आहे. घसरण घोटापासून नव्हे, कौतुकापासून सुरू होते, हे त्या लेखकाला ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे गरिबाची स्वस्त दारू, बंद झाली; बाटल्यांची दुकाने मात्र राहिली. हमाल प्याला तर आपण त्याला दारुडा म्हणतो, साहेब प्याला तर रसिक. रात्री दाराशी वाट पाहणाऱ्या बायकोला हा फरक कळत नाही.

परंतु मुख्य प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. त्या बैठकीत एखादा असा असतो की ज्याने मोठ्या कष्टाने तीन महिन्यांपूर्वी पिणे सोडले आहे. तो इतरांबरोबर हसतो. उठून जाता येत नाही, कारण उठणे म्हणजे सर्वांसमोर सांगणे. पाण्याचे पेले फिरवणारा मुलगाही ऐकत असतो. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. धाबे आपले, पण पडणारा दुसरा असतो.

कोणी म्हणेल, "दुर्बळासाठी आम्ही सर्वांनी तोंड मिटावे काय? मग आमचे स्वातंत्र्य कोठे राहिले?" रोमकरांस लिहिताना पौलाने ते स्वातंत्र्य नाकारले नाही, बंधूला ठेच लागत असेल तर प्रीतीने ते बाजूला ठेवावे, एवढेच सांगितले. ज्याला एका संध्याकाळपुरताही हा विषय सोडवत नाही, त्याने आपण सबळ आहोत की दुर्बळ हे तपासून पाहावे.

न पिणाऱ्यांनीही सावध असावे. आपल्या निर्व्यसनीपणाची बढाई ऐकून तोच धडपडणारा बंधू अधिक लपतो, आणि लपलेल्याला मदत करता येत नाही. पुढच्या जेवणाला त्याच्याशेजारी बसावे व दुसरा विषय काढावा. तेवढे शहाणपण प्रभू आपणां सर्वांस देवो.