झाकणाआडची सचोटी

जे काम लोकांच्या डोळ्यांसमोर चालते, त्यातील सचोटीचे मोल ठरविणे कठीण असते. गवयाचा सूर ढळला तर सभा तत्काळ ओळखते. सुताराने दार वाकडे बसविले तर घरधनी बोट दाखवितो. अशा ठिकाणी माणूस नीट वागतो तो धर्मबुद्धीने की लोकलज्जेने, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो तो, जेथे काम संपताच त्यावर झाकण पडते तेथे. अशा एका कामाचा विचार करण्यासाठी वाचकांनी क्षणभर मालमोटारीच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या मध्यभागी दिसणाऱ्या लोखंडी फुगवट्याकडे लक्ष द्यावे. विषय तेलकट आहे खरा. परंतु नीतिविचाराला तो वर्ज्य असण्याचे कारण नाही.

त्या फुगवट्यात ‘डिफरन्शियल’ नावाची दातेरी चक्रांची रचना असते. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक वाट चालावी लागते. दोन चाकांत १.८ मीटर अंतर असेल, तर घाटातील एका पूर्ण उलट वळणावर हा फरक ५.६ मीटरांहून अधिक भरतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असती, तर त्यांपैकी एकाला फरफटत जावे लागले असते. दोघांना आपापल्या गतीने फिरू देऊन दोघांनाही जोर पुरविण्याची ही युक्ती ओनेसिफोर पेकर ह्या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजिली.

हे यंत्र घरघरू लागले म्हणजे मिस्त्रीच्या हाती येते. तो तेल काढून त्यात धातूची चकाकी आहे काय ते पाहतो, दोन्ही बाजूंचे एक्सल ओढून घेतो, प्रॉपेलर शाफ्ट सोडवितो आणि आतला जड गाभा जॅकच्या आधाराने बाहेर काढतो. तो उलगडण्यापूर्वी खुणा कराव्या लागतात. बेरिंगांवरील दोन टोप्या दिसण्यात सारख्या. परंतु कारखान्यात त्या जागच्या जागी बसवूनच कोरलेल्या असतात, म्हणून डावी टोपी उजवीकडे जाऊन चालत नाही. क्राऊन आणि पिनियन ही तर जोडीनेच घासून तयार केलेली. एक मोडले की सुस्थितीतले दुसरेही बदलावे, हेच शहाणपण.

जोडणी त्याहून कठीण. पिनियन किती आत बसावे हे शिम नावाच्या पातळ चकत्यांनी ठरते. क्राऊनच्या व पिनियनच्या दातांत किंचित फट राखावी लागते. ती मोठ्या गाड्यांत साधारणतः मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी असते व डायलवर मोजावी लागते. मग दातांना रंग लावून चक्रे फिरवितात आणि ठसा कोठे उमटतो ते पाहतात. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन फार आत गेले, शेंड्याशी पडला तर फार बाहेर राहिले. दोन्ही प्रसंगी सर्व सोडवून, शिम बदलून, पुन्हा आरंभापासून!

मोहाचा क्षण तो हाच. मालक दाराशी उभा आहे, माल पोचवावयाचा आहे, मजुरी आधीच ठरली आहे. ठसा थोडासाच सरकला आहे. गाडी आज चालेल. फेरफटका मारून पाहिला तरी तक्रार निघणार नाही. दोष उघडा पडेल तो काही महिन्यांनी, दूर कोठे तरी, कदाचित भलत्याच चालकाच्या हाती. घाट उतरताना इंजिनाचा आवर चाकांपर्यंत पोचतो तो ह्याच दातांतून, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. शिवाय ह्या चक्रांत दोष एका जागी राहत नाही. भारतातील मालमोटारींत सहा दातांचे पिनियन व एक्केचाळीस दातांचे क्राऊन अशी जोडी परिचित आहे. ह्या आकड्यांना समान भाजक नसल्यामुळे पिनियनच्या प्रत्येक दाताची क्राऊनच्या प्रत्येक दाताशी केव्हा ना केव्हा गाठ पडतेच. एक दात दुखावला की तो सर्वांना आपले दुखणे वाटीत फिरतो.

कोणी म्हणेल, मिस्त्रीचे मन निर्मळ असले म्हणजे झाले. मला तसे वाटत नाही. ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ असे मनापासून मानून, रंग न लावताच झाकण बसविणारा मनुष्य लबाड नसेल. परंतु त्याला सचोटीचा म्हणता येणार नाही. आपल्या समजुतीला खोटे ठरविण्याची संधी वस्तूला मुद्दाम देणे आणि तिने खोटे ठरविले तर पुन्हा पाना हाती घेणे, हाच सचोटीचा अर्थ. सद्हेतू हा आपल्यापुरता राहतो. माप मात्र आपण व ज्याला कधी भेटणार नाही तो चालक, ह्या दोघांमधले असते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पुन्हा खोलण्यात गेलेल्या तासांचे दाम त्याला कोण देतो? बहुधा कोणीच नाही. येथे बोट मिस्त्रीवरून आपल्याकडे वळते. ठरल्या मजुरीत घासाघीस करणारा, संध्याकाळच्या आत गाडी हवी म्हणून तगादा लावणारा मनुष्य सचोटी फुकट मागत असतो आणि ती मिळाली नाही म्हणजे कारागिरांच्या नीतीवर प्रवचन करितो. चालकाचे देणे मिस्त्रीला ह्यामुळे माफ होत नाही. ठसा चुकला असेल तर त्याने खोललेच पाहिजे. परंतु त्या दोन तासांचा भार एकट्या त्याच्या शिरावर टाकून मोकळे होण्याचा अधिकार आपणांस नाही.

उत्तरपत्रिकांचे शेवटचे गठ्ठे तपासणारा शिक्षक, भिंतीत गाडला जाणारा नळ जोडणारा कारागीर, कोणी उघडणार नाही अशी वही लिहिणारा कारकून, ह्या सर्वांचे काम असेच झाकणाआडचे. त्यांच्याकडून नीट कामाची अपेक्षा जरूर धरावी. मात्र काम घाईने हवे असेल तेव्हा, आपण त्यांना पुन्हा खोलून पाहण्याइतका वेळ व दाम दिला आहे काय, एवढे प्रथम विचारावे.