हाताची कणीक

माउली हो, आमच्या तामलवाडीच्या दिंडीत एक पखवाजी होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. गेल्या वर्षी त्यांचा देह पडला. वर्षश्राद्धाला भिंतीवर तसबीर हवी म्हणून त्यांच्या नातवाने दिंडीच्या मुक्कामावर मोबाईलमध्ये काढलेला फोटो घेतला आणि संगणकावर त्याचे तैलचित्र केले. चित्रकाराने महिनाभर बसून रंगवावे तसे ते दिसत होते. काम झाले पाच मिनिटांत. पोराने ते मोठे छापून, चौकटीत बसवून आजीपुढे ठेवले.

वहिनींनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "फोटूत हे हायेत. ह्यात कुणी मोठा माणूस बसलाय. हाताची कणीक कुठं गेली?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, हे आपणांस ठाऊक आहेच. वाजवून उठले तरी त्यांच्या बोटांना ती चिकटलेली असायची. तशाच हाताने पाणी प्यायचे. मूळ फोटोत ती होती. चित्रात हात स्वच्छ, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या विरलेल्या, आणि तुळशीची माळ म्हणजे गळ्याभोवती एक तपकिरी पट्टा.

असे का होते, ते मी पोराला विचारले. त्याने समजावले ते असे. फोटो म्हणजे रंगांचे लाखो बारीक ठिपके. यंत्र प्रत्येक ठिपक्याचे शेजारी पाहते, जवळजवळच्या रंगांचा एक रंग करते आणि उजेड-सावलीच्या कडेने तो ओढते. म्हणून कुंचला फिरल्यासारखे दिसते. जे बारीक, ते शेजाऱ्यात मिसळून जाते. मी रागावलो. म्हटले, "तुझ्या यंत्राने आजोबांचे आयुष्य पुसले." पोर गप्प बसले. त्याने ते मायेनेच केले होते.

घरी आल्यावर माझेच म्हणणे मला पटेना. मूळ माणसापेक्षा चित्र वेगळे असणे हा दोष म्हणावा, तर आपल्या देव्हाऱ्यांचे काय? तुकोबारायांच्या काळी कॅमेरा नव्हता. 1936 साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. त्यांतले फत्तेलाल तर मूळचे चित्रकार. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते. पुढे त्यांच्याच रूपावरून तुकोबांच्या तसबिरी निघाल्या, आणि आज कित्येक घरी त्यांच्यापुढे उदबत्ती लागते. त्या तसबिरीला मी स्वतः हात जोडले आहेत. त्यात खोटे काही वाटत नाही. पागनीसांनी आधी तुकोबा मनात धरले, मग ते चेहऱ्यावर आले. चित्रकारही काही ठेवतो, काही सोडतो. पण सोडण्याआधी त्याने ते पाहिलेले असते. यंत्राने कणीक पाहिलीच नाही. त्याला ती आणि बाजूचा सदऱ्याचा रंग सारखाच.

पंढरीला आपण समचरणांवर डोके ठेवतो. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ठेवून ठेवून ते झिजले. वज्रलेप करावा लागला, तो पुढची झीज थांबावी म्हणून. झालेली झीज पुसून पाय नवे करा, असे एकही वारकरी म्हणणार नाही.

इथवर विचार आला आणि मला त्यांच्या तेराव्याचे कीर्तन आठवले. ते मीच केले होते; माझे शेवटचे. भर मांडवात मी सांगितले की, या माणसाने जन्मभर कोणाचे मन दुखवले नाही. वास्तविक बांधावरून सख्ख्या धाकट्या भावाशी त्यांचा अकरा वर्षे अबोला होता. एकाच दिंडीत दोघे चालायचे, एक विण्याच्या पुढे, एक मागे. मला हे माहीत होते. धाकटे त्या दिवशी खांबाला टेकून समोरच बसले होते. माझे वाक्य झाले तशी त्यांनी मान खाली घातली, आणि आरतीपूर्वीच उठून गेले. मला वाटले, दुःख अनावर झाले असेल. इतकी वर्षे गादीवर उभा राहिलो, किती घरच्या मृतांचे मी असे तैलचित्र केले असेल! पोराने अजाणता केले. मी मात्र पाहून, जाणून, सोपे पडते म्हणून केले होते.

दुसऱ्या दिवशी पोराची क्षमा मागितली. त्याने पुन्हा खटपट केली. चेहरा आणि हात तसेच ठेवून फक्त मागची गर्दी, ट्रक, पाण्याचा टँकर एवढेच रंगात विरघळवले. वहिनी म्हणाल्या, "आता हायेत."

वर्षश्राद्धाला मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. म्हणून परवा धाकट्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो आणि तेराव्याला जे बोललो त्याबद्दल हात जोडले. मग विचारले, "बांधाचे सांगू का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगा महाराज, लोकांना ठाऊकच आहे. पण शेवटच्या आषाढीला मी आजारी होतो, जाऊ शकलो नाही. तेव्हा दादानं पोराच्या हाती बुक्क्याची पुडी पाठवली होती. तेही सांगा. मी तेव्हा काही निरोप दिला नाही."

पुडी त्यांनी आतून आणून दाखवली. अजून उघडलेली नव्हती.