तीन टक्क्यांचा धोंडा

आकाशातून धोंडा येणार म्हटले की माणसाला पहिला प्रश्न पडतो तो 'कुठे पडणार?' हा. 2025च्या सुरुवातीला या प्रश्नाच्या उत्तरात मुंबईचे नाव आले आणि मराठी घरांतली चर्चा बदलली. '2024 वायआर4' असे रूक्ष नाव असलेला हा साठेक मीटरचा लघुग्रह चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला 27 डिसेंबर 2024 रोजी दिसला. गंमत अशी, की तेव्हा तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते. 22 डिसेंबर 2032 रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली, तेव्हा 29 जानेवारीला लघुग्रहांच्या आंतरराष्ट्रीय इशारा यंत्रणेने रीतसर सूचना काढली. 18 फेब्रुवारीला आकडा 3.1 टक्क्यांवर पोचला. आठवडाभरात तो टक्क्याच्या काही हजारांशांवर कोसळला आणि बातमी विरली. मागे उरली ती एकच प्रतिक्रिया: 'शास्त्रज्ञांचे गणित चुकले.' माझे म्हणणे असे, की गणित चुकले नव्हते. आकडा वाढत होता तो धोका वाढत होता म्हणून नव्हे, तर आपले अज्ञान आटत होते म्हणून. घाबरणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नाही आणि नंतर हसणाऱ्यांनीही नाही.

हे उलटे वाटते खरे. पण कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या रानात एखादी म्हैस चुकली आहे अशी कल्पना करा. पहिल्या दिवशी ती शंभर शेतांएवढ्या मुलखात कुठेही असू शकते. तुमच्या शेतात असण्याची शक्यता शंभरात एक. दुसऱ्या दिवशी खुरांच्या खुणा सापडतात, निम्म्याहून अधिक मुलूख बाद होतो आणि उरलेल्या तीसेक शेतांत तुमचेही शेत असते. शक्यता तीन टक्क्यांच्या वर गेली. म्हैस तुमच्या शेताकडे एक पाऊलही सरकलेली नाही. फक्त शोधाचे रिंगण आवळले. तिसऱ्या दिवशी खुणा ओढ्याकडे वळलेल्या दिसतात आणि तुमचे शेत रिंगणाबाहेर पडते. शक्यता शून्य. लघुग्रहाचेही असेच होते. पहिल्या निरीक्षणांवरून त्याची 2032मधली जागा अवाढव्य लांबीच्या पट्ट्यात कुठेही असू शकत होती आणि त्या पट्ट्यात पृथ्वी हा एक ठिपका होता. पट्टा आखडला, ठिपक्याचा हिस्सा वाढला. आणखी आखडला, ठिपका बाहेर राहिला. आदळण्याची शक्यता असलेले बहुतेक धोंडे शेवटी चुकतात, आणि चुकण्यापूर्वी त्यांचा आकडा असाच चढतो. 2004च्या डिसेंबरात 'अपोफिस' या लघुग्रहाने 2.7 टक्के गाठले होते, तोही असाच उतरला.

याच जोयडा तालुक्यातल्या रामनगरसारख्या गावाला नकाशावरच्या रेषेचा अर्थ वेगळ्याने सांगावा लागत नाही. काळी नदीवर सुपा येथे 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तिथली व आसपासची मराठी-कोकणी बोलणारी अनेक कुटुंबे रामनगरला वसवली गेली. तालुक्याचे सुपा हे नावही मागे पडून जोयडा झाले. बुडिताच्या नकाशावर एक रेषा असते: घर रेषेच्या आत असेल तर ते जाणार, बाहेर असेल तर राहणार. त्यात 'कदाचित'ला जागा नाही. आपल्याकडे नकाशा वाचण्याची सवय अशा नकाशांवर घडली आहे, आणि वायआर4च्या संभाव्य धडकेचा नकाशावरचा पट्टाही लोकांनी बुडितासारखाच वाचला. पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत ओढलेला तो पट्टा म्हणजे 'इथे सगळीकडे विनाश' असे नव्हते. 'पडलाच, तर यातल्या कुठल्या तरी एका जागी' एवढेच तो सांगत होता. म्हणजे मुंबईचा वाटा तीन टक्क्यांचाही एक लहानसा तुकडा होता, आणि साठ मीटरच्या धोंड्याचा तडाखा पन्नासेक किलोमीटरपर्यंत पोचतो, हे धरले तर रामनगर त्यात कुठेच बसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की मग असले कच्चे आकडे जाहीर कशाला करायचे? खात्री झाल्यावरच सांगा. आक्षेप वरवर समजूतदार आहे, पण इतिहास त्याच्या विरुद्ध जातो. 1962च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा कोणत्याही वेधशाळेने धोक्याचा आकडा दिला नव्हता. तरी देशभर अष्टग्रहीच्या भीतीने यज्ञ पेटले. 1979च्या जुलैत नासाची अवकाश प्रयोगशाळा 'स्कायलॅब' कोसळण्याआधीही गावोगावी अफवांना ऊत आला होता. ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, जिथल्या एस्परन्स नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड लावला. (दंड वसूल झाला की नाही हा भाग वेगळा, वृत्ती घेण्यासारखी आहे.) आणि 2 एप्रिल 2022ला, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे सरकताना दिसले तेव्हा अनेकांनी ती उल्का मानली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडल्यावर कळले, की हा चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा. माहिती नसली म्हणून भीती थांबत नाही. तिला फक्त टक्केवारी राहत नाही. आकडा सांगितला तर निदान तो खाली आल्याचेही सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काळीकाठच्या माणसाला आकाशातल्या धोंड्यापेक्षा जवळची संकटे पुष्कळ आहेत. 2019च्या पावसाळ्यात कद्रा धरणातून सोडलेल्या पाण्याने नदीच्या खालच्या अंगाची गावे पाण्यात गेली. ज्याच्या दारात पूर येतो त्याने 2032ची काळजी का करावी? करू नये, निदान रात्रीची झोप जाईल एवढी तर मुळीच करू नये. पण दोन्ही ठिकाणी लागते ती समज एकच आहे. धरणाचा सांडवा शक्यतेच्याच हिशेबावर बांधतात, आणि 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द ऐकून 'गेल्या वर्षी आला, आता शंभर वर्षे निश्चिंत' असे समजणारा माणूस फसतो. तीन टक्के म्हणजे काय हे ज्याला लघुग्रहाच्या निमित्ताने उमगले, तो धरणाचा इशाराही नीट ऐकेल.

तिसरे मत आक्षेपापेक्षा आळसाकडे झुकते: इतके आकडे उतरले, तेव्हा हा सगळा बागुलबुवाच आहे. इथे मात्र घाबरणाऱ्याची बाजू घ्यावी लागते. लोणारचे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर बेसॉल्टमध्ये खणले गेले ते कुणाच्या टक्केवारीची वाट न पाहता. त्याचे वय पन्नास हजार वर्षे की पाच लाखांहून अधिक, यावर वाद आहे, धडकेविषयी नाही. 22 मे 2012ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात दगड पडले, सुदैवाने छोटे. आणि 15 फेब्रुवारी 2013ला जगाची नजर '2012 डीए14' या लघुग्रहावर होती, जो ठरल्याप्रमाणे सुमारे 27,700 किलोमीटरवरून बिनबोभाट गेला. त्याच दिवशी काही तास आधी, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेला वीसेक मीटरचा दुसराच धोंडा सूर्याच्या बाजूने आला आणि रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटला. सुमारे पंधराशे माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी: लखलखाट पाहून लोक खिडकीशी गेले आणि मागाहून हवेचा धक्का आला. त्याला कोणीही टक्का दिला नव्हता, कारण कोणी त्याला पाहिलेच नव्हते.

म्हणजे ज्याचा आकडा छापून येतो तो धोंडा त्या मानाने सभ्य म्हणायचा. त्याचे नाव आहे, कक्षा आहे, काही वर्षांची मुदत आहे; आणि 26 सप्टेंबर 2022ला नासाच्या 'डार्ट' यानाने, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फस या धोंड्याला धडक देऊन त्याच्या प्रदक्षिणेतून अर्ध्या तासाहून अधिक वेळ कापला, तेव्हापासून मुदत हाताशी असणे याला अर्थही आला आहे. भूकंपाला अशी तारीख मिळत नाही. खरी काळजी करायची ती न दिसलेल्यांची, आणि तिच्यावर उपाय यज्ञ नव्हे, दुर्बिणी आहेत. अपोफिस 13 एप्रिल 2029च्या रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे 14 एप्रिलच्या पहाटे, पृथ्वीपासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून जाईल आणि आदळणार नाही, हे आज ठाऊक आहे, ते कोणीतरी वर्षानुवर्षे त्याच्या मागावर राहिले म्हणूनच. एकशेचाळीस मीटरहून मोठे असे सुमारे 25,000 धोंडे पृथ्वीच्या आसपास फिरत असावेत, असा अंदाज आहे. त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.